पब्लिशिंगमध्ये जायचंय ना, मग आधी एक पुस्तक पुरतं हातातून जाऊ दे

पत्र (जरा आटोपतं घेतलंय, ओळख पटेल असं काढून टाकलंय):

"ताई, मी कसबा बावड्याची, शिवाजी विद्यापीठात एमए इंग्लिशच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मला प्रकाशनातच काम करायचंय हे पक्कं ठरलंय. एका एजंटनं यूकेतला पब्लिशिंगचा एमए सुचवलाय, फी आणि राहणं धरून ३०-३२ लाख होतील म्हणतो, सीट धरून ठेवायला डिपॉझिट भरा म्हणून रोज फोन करतोय. बाबांचं उद्यमनगरात छोटं मशीन शॉप आहे, ते कर्ज काढतो म्हणतात पण रात्री त्यांना झोप लागत नाही हे मला दिसतंय. मामा म्हणतो गप बी.एड. कर. इग्नूचा डिप्लोमा बघितला, पण त्याला किंमत आहे का? कोल्हापुरात पब्लिशिंग कुठाय असं सगळेच म्हणतात. एका ठिकाणी इंटर्नशिप विचारली तर सहा महिने बिनपगारी या म्हणाले. जाऊ का? आणि लॅपटॉप, सॉफ्टवेअर कुठलं घेऊ? – पुस्तकवेडी"

अगं, सगळ्यात आधी ते डिपॉझिट. भरू नकोस, आज तर अजिबातच नको. युनिव्हर्सिटीच्या साइटवर जाऊन तुझा तू डायरेक्ट अर्ज करू शकतेस, त्याला मधला माणूस लागत नाही, आणि खरा मुद्दा हा की तुला या धंद्यातलं नक्की कुठलं काम आवडतंय हेच अजून तुला माहीत नाही, मग कुठली सीट धरून ठेवणार आहेस तू? पुस्तकं आवडतात हे बरोबर आहे, ते पाहिजेच, पण प्रकाशन म्हणजे संपादन वेगळं, प्रूफ, म्हणजे छापायच्या आधी चुका तपासणं, वेगळं, मांडणी आणि छपाई वेगळी, विक्री वेगळी, हक्क आणि करार वेगळे. कुणाला हस्तलिखितात आठवडेच्या आठवडे बुडून राहायला आवडतंय, कुणाला दुकानदाराशी फोनवर बोलून वसुली करायला जमतंय, आणि दोन्ही माणसं पब्लिशिंगमध्येच असतात.

माझं मत सरळ सांगते. या क्षेत्रात नोकरी देताना डिग्री विचारतात, पण निर्णय होतो तो टेस्टवर. संपादनाच्या जागेसाठी गेलीस की तुझ्यासमोर कच्च्या मजकुराची काही पानं ठेवतात, यावर काम करून द्या म्हणतात, आणि ती पानं परत आली की पाच मिनिटांत समोरच्याला कळतंय की हिनं हे काम आधी केलंय का नाही. त्यामुळं कुठलाही कोर्स बघताना, तो ऑक्सफर्डचा असू दे नाहीतर इग्नूचा, मी एकच विचारते, की यात पुस्तकावर प्रत्यक्ष काम किती करायला लावतात, आणि त्या कामाचं शेवटी खरं पुस्तक होऊन दुकानात जातंय का.

बाहेरचे कोर्स वाईट आहेत असं मी अजिबात म्हणणार नाही, उलट काही तर लई चांगले आहेत. अमेरिकेत पोर्टलंड स्टेट युनिव्हर्सिटीत ऊलिगन प्रेस म्हणून प्रकाशन आहे, २००१ पासून, ते एमएचे विद्यार्थीच चालवतात. आलेली हस्तलिखितं वाचून कुठलं घ्यायचं ते मुलंच ठरवतात, संपादन, मुखपृष्ठ, जाहिरात सगळं तेच करतात आणि ती पुस्तकं खरोखर बाजारात विकली जातात. शिकवायची याहून चांगली पद्धत मला माहीत नाही. कॅनडात सायमन फ्रेझर युनिव्हर्सिटीत पब्लिशिंगची मास्टर्स डिग्री आहे, तिथंही प्रत्यक्ष कामावर जाऊन त्याचा रिपोर्ट लिहायचा असतो. यूकेत ऑक्सफर्ड ब्रूक्स, यूसीएल, स्टर्लिंग ही नावं मानाची. आणि सगळ्यांनाच पूर्ण मास्टर्स लागते असंही नाही, कोलंबियाचा उन्हाळी कोर्स १९४७ साली रॅडक्लिफ कॉलेजात सुरू झाला, डेन्व्हरचा १९७६ पासून आहे, दोन्ही काही आठवड्यांचेच आणि तिकडच्या कंपन्यांत त्यांना मान आहे.

पण हे कोर्स त्या त्या देशातल्या नोकऱ्यांसाठी बांधलेत, तिकडचे प्रकाशक शिकवायला येतात, तिकडंच इंटर्नशिप लागते, ओळखी तिकडच्या होतात. तू शिकून परत येणार असशील तर हिशेब मांडून बघ की. ३० लाखांचं कर्ज, साडेदहा टक्के व्याज, दहा वर्षांची मुदत धरली तर महिन्याला ४० हजारांच्या आसपास हप्ता येतोय. मराठी प्रकाशनात सुरुवातीला एवढा पगार मिळणं अवघड आहे, मग हप्ता कुठनं भरणार, आणि हप्त्यासाठी दुसरीच नोकरी धरलीस तर मग शिकलीस कशाला? म्हणून मी म्हणते बाहेर जायचंच असेल तर दोन-तीन वर्षं काम करून जा, आणि स्कॉलरशिपवर जा. चेव्हनिंगचंच बघ, यूकेतल्या एक वर्षाच्या मास्टर्ससाठी ती मिळते, पण त्यांची अटच आहे की किमान २,८०० तास, म्हणजे साधारण दोन वर्षांचा कामाचा अनुभव पाहिजे. म्हणजे आता कोल्हापुरात बसून केलेलं काम उद्या त्या अर्जात मोजलं जाणार. शिवाय राज्य सरकारच्या परदेश शिष्यवृत्त्या आहेत, अनुसूचित जातीच्या मुलामुलींसाठी राजर्षी शाहू महाराजांच्या नावानं आहे, इतर प्रवर्गांसाठीही वेगवेगळ्या योजना आहेत, तुला कुठली लागू होते ते समाजकल्याण ऑफिसात जाऊन एकदा विचारून ये.

आता इग्नू. बुक पब्लिशिंगमधला पदव्युत्तर डिप्लोमा आहे तो, फेडरेशन ऑफ इंडियन पब्लिशर्सच्या सहकार्यानं बनवलेला, कमीत कमी १ वर्षाचा, इंग्रजीतून. किंमत आहे का विचारतेस तर आहे, फक्त ती सर्टिफिकेटपेक्षा पुस्तकांत जास्त आहे, कारण कायदा, संपादन, निर्मिती, विक्री असं सगळं एकदा ओळीनं वाचून होतंय आणि नुसतं काम करणाऱ्या माणसाला ती ओळ कधी मिळत नाही. शेवटी प्रोजेक्ट असतो, तो नेटवरनं उचलून केलास तर वर्ष वाया, तोच एखाद्या प्रकाशकाच्या ऑफिसात बसून केलास तर तुझ्या हातात दाखवायला काहीतरी येतंय. फी हजारांत आहे, लाखांत नाही, तेव्हा कामासोबत हा डिप्लोमा करच. दिल्लीत नॅशनल बुक ट्रस्टचा साधारण महिनाभराचा ट्रेनिंग कोर्स असतो, तो पण नजरेत ठेव, तिथं शिकवायला प्रत्यक्ष धंद्यातली माणसं येतात. कोलकात्यात जादवपूर युनिव्हर्सिटीत एडिटिंग आणि पब्लिशिंगचा पदव्युत्तर डिप्लोमा आहे, आणि सीगल या प्रकाशनाची स्वतःची शाळा आहे, २०१२ पासून, संपादन आणि बुक डिझाइनचे काही महिन्यांचे कोर्स घेतात. डिझाइनकडं तुझा ओढा असेल तर सीगल बघ. प्रवेशाच्या तारखा त्या त्या साइटवरनंच घे, व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या पीडीएफवरनं नको.

आणि आता ज्यासाठी मी हे पत्र निवडलं ते. कोल्हापुरात पब्लिशिंग कुठाय म्हणणाऱ्यांना एकदा करवीर नगर वाचन मंदिरात घेऊन जा. १८५० सालची संस्था आहे ती. तिथं कपाटातनं कुठलीही वीस-पंचवीस मराठी पुस्तकं काढ आणि आत काय लिहिलंय ते वाचायच्या आधी पहिल्या काही पानांतलं श्रेयाचं पान वाच, जे आपण सगळे पलटून पुढं जातो. प्रकाशक, मुद्रक, अक्षरजुळणी, मुद्रितशोधन, मुखपृष्ठ, आवृत्ती, आयएसबीएन (पुस्तकाचा ओळखक्रमांक), हक्क कुणाकडं. वहीत उतरून घे. पुण्या-मुंबईच्या प्रकाशकांच्या पुस्तकांवरसुद्धा मुद्रक म्हणून कोल्हापूर लिहिलेलं तुला सापडेल. मेहता पब्लिशिंग हाऊसची सुरुवातही याच गावात झाली. खांडेकर इथं राहून लिहीत होते, रणजित देसाई कोवाडचे, शिवाजी सावंत आजऱ्याचे, आनंद यादव कागलचे. लेखक आहेत, छापखाने आहेत, वर्तमानपत्रं आहेत, विद्यापीठ आहे, कॉलेजची क्रमिक पुस्तकं काढणारे आहेत, आणि खेडोपाडी ग्रंथालयं आहेत. काय नाही ते म्हणजे पाटी लावून शिकवणारा कोर्स, बाकी शिकण्यासारखं सगळं आहे.

सुरुवात छापखान्यापासून कर असं माझं आग्रहाचं सांगणं आहे, संपादनाची कितीही हौस असली तरी. शाहूपुरीत, उद्यमनगरात प्रेस आहेत, बाबांच्या शेजारीपाजारीच कुणीतरी असेल, एक महिना रोज दोन तास तिथं उभी राहते म्हण. एक साधी गोष्ट सांगते म्हणजे कळेल तिथं काय मिळतंय ते. आपलं नेहमीचं डेमी साइजचं पुस्तक, साडेपाच बाय साडेआठ इंच, ते १६-१६ पानांच्या फॉर्ममध्ये, म्हणजे घडी घातलेल्या तावात, छापतात, कुणी फर्मा म्हणतं. समज एखाद्या कादंबरीची जुळणी होऊन १६३ पानं झाली. १६० म्हणजे बरोबर १० फॉर्म, आणि वर ३ पानं शिल्लक. त्या ३ पानांसाठी आणखी अर्धा फॉर्म, म्हणजे वेगळ्या प्लेटा, जास्तीचा कागद, बाइंडिंगला एक तुकडा जास्त, आणि त्यातली ५ पानं कोरीच जाणार. आता संपादक म्हणून तू काय करणार? लेखकाची वाक्यं तर कापायची नाहीत. मग कुठल्या प्रकरणाच्या शेवटच्या पानावर दोनच ओळी लोंबतायत ते बघायचं, मागच्या पानांत एखादा परिच्छेद एका शब्दानं पुढच्या ओळीवर गेलाय तो आत ओढायचा, प्रत्येक प्रकरण उजव्याच पानावर सुरू व्हायला पाहिजे हा हट्ट एक-दोन ठिकाणी सोडायचा, आणि १६० वर आणायचं. हे टेबलावर बसून कुठल्या पुस्तकात वाचून येत नाही, मशीनवाल्यानं एकदा कागदाचा ताव घडी घालून पानांचे नंबर कसे पडतात ते दाखवलं की जन्मभर डोक्यात राहतंय.

कण्याचंही, म्हणजे पुस्तकाच्या पाठीचंही, तसंच. ७० जीएसएमचा (म्हणजे एका चौरस मीटरला ७० ग्रॅम वजनाचा) कागद ठरला होता, त्या हिशेबानं मुखपृष्ठवाल्यानं कणा काढला, आणि ऐनवेळी ८० चा कागद लागला की पुस्तक जाड होतं आणि कण्यावरचं नाव एका बाजूला सरकतं. म्हणून कागद पक्का झाल्याशिवाय कव्हर फायनल करायचं नाही. असल्या शंभर गोष्टी प्रेसमधल्या माणसांना तोंडपाठ असतात आणि विचारलं की आनंदानं सांगतात, फक्त दुपारी जेवायच्या सुट्टीत विचार, मशीन चालू असताना मधे जाऊ नकोस.

त्याच्या मागची पायरी अक्षरजुळणीची. आपल्याकडं अजून लई मजकूर श्रीलिपी नाहीतर आकृती या टायपिंगच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या फाइलींत पडलाय, जुन्या पुस्तकाची नवी आवृत्ती काढायची म्हटलं की तो युनिकोडमध्ये आणायला लागतो, आणि कन्व्हर्टरमधनं काढला की वरवर सगळं ठीक दिसतंय. मग वाचायला बस. 'दुसऱ्या'चं 'दुसर्या' झालेलं असतंय, रफार एक अक्षर सोडून बसलेला असतो, अवतरणचिन्हाच्या जागी भलतंच अक्षर, आणि हे स्पेलचेकला सगळं सापडत नाही, डोळ्यांनीच धरायला लागतंय. इनडिझाइन या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये साध्या पॅराग्राफ कंपोजरवर देवनागरी टाकलीस तर वेलांट्या सुटतात, जोडाक्षरं फुटतात, तिथं वर्ल्ड-रेडी कंपोजर निवडायचा असतो. आणि भाषा मराठी लावली नाहीस तर कित्येक चांगल्या फॉन्टांत 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे येतात, वाचकाला नक्की काय खटकतंय ते सांगता येत नाही पण खटकतं. हे तीन-चार प्रॉब्लेम सोडवता येणारी मुलगी कुठल्याही मराठी प्रकाशकाच्या ऑफिसात पहिल्या दिवसापासून उपयोगी पडते, आणि उपयोगी पडणाऱ्याला लोक शिकवतात, हे मी पुष्कळ जणांच्या बाबतीत बघितलंय.

तुझी एमए इंग्लिश आहे म्हणून मराठी शुद्धलेखनाकडं दुर्लक्ष करू नकोस. मराठी साहित्य महामंडळाचे नियम एकूण १८ आहेत, ते पाठ होईपर्यंत वाच, मग रोज वर्तमानपत्राचं एक पान लाल पेन घेऊन तपास. प्रूफ बघताना आधी अर्थासाठी वाचायचं, मग दुसऱ्यांदा फक्त अक्षरांसाठी, आणि तिसऱ्यांदा मजकूर न वाचता नुसती शीर्षकं, पानांचे आकडे, अनुक्रमणिकेतली पानं जुळतात का ते. मोठ्या अक्षरातली चूक सगळ्यात जास्त निसटते. आणि दोन भाषा येतात हे तुझं मोठं भांडवल आहे, मराठीत अनुवादाचं काम सतत चालू असतं आणि इंग्रजी मूळ समोर ठेवून अनुवाद तपासणारी माणसं कमी पडतात. सरावाला प्रथम बुक्सची स्टोरीवीव्हर ही वेबसाइट आहे, २०१५ पासून, तिथल्या लहान मुलांच्या गोष्टी खुल्या परवान्यात आहेत, तू त्या मराठीत करून तिथंच टाकू शकतेस. दहा-बारा चित्रांच्या गोष्टीत एक शब्द जास्त झाला तरी ओळ चित्राबाहेर जाते, त्यामुळं हात चांगला बसतो, आणि कुणाला दाखवायला लिंक तयार.

पैशाचं गणित शिकल्याशिवाय मात्र स्वतःला प्रकाशनातली म्हणू नकोस. ३०० रुपये किमतीचं पुस्तक घे. विक्रेत्याला ४० टक्के सूट दिली, गेले १२०. लेखकाला १० टक्के रॉयल्टी, गेले ३०. राहिले १५०, यात कागद, छपाई, बांधणी, मुखपृष्ठ, संपादन, प्रूफ, गोडाऊन, पार्सल, ऑफिसचं भाडं, आणि तुझा पगार. शिवाय हे १५० विक्रेत्याकडून कधी येतील तो वेगळाच विषय. पूर्वी हजाराची आवृत्ती सहज काढायचे, आता कित्येक जण ५०० नाहीतर त्याहून कमी काढतात आणि लागतील तशा पुन्हा छापतात. ग्रंथालयांची खरेदी हा मराठी प्रकाशनाचा मोठा आधार आहे आणि ती सरकारी अनुदान कधी येतंय त्यावर असते. हे कळलं की एखादं चांगलं हस्तलिखित प्रकाशक का नाकारतो ते कळतं, आणि एखादं तोट्याचं पुस्तक तो मुद्दाम का काढतो तेही कळतं.

कायद्याचं थोडंसं, कारण यात लेखकाचं नुकसान होतं म्हणून मला ते महत्त्वाचं वाटतं. कॉपीराइट कायदा १९५७ चा, हक्क लेखकाच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी पाहिजेत, करारात मुदत लिहिली नसेल तर ५ वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरते धरतात. एखाद्या लेखकाचा करार वाचायला मिळाला तर कलम-कलम वाच, ई-बुक आणि ऑडिओचे हक्क वेगळे लिहिलेत का बघ. आयएसबीएन राजा राममोहन रॉय एजन्सीकडून ऑनलाइन आणि फुकट मिळतो, त्याचे पैसे मागणाऱ्याला देऊ नकोस. १९५४ च्या कायद्यानं प्रत्येक पुस्तकाच्या प्रती कोलकात्याच्या नॅशनल लायब्ररीला आणि आणखी तीन ग्रंथालयांना पाठवायच्या असतात, त्यातलं एक मुंबईच्या टाऊन हॉलमधलं मध्यवर्ती ग्रंथालय. छोट्या प्रकाशकांकडं हे काम रेंगाळलेलं असतं, मी करते म्हण, एका दिवसात ऑफिसची सगळी यादी तुझ्या हातात येते.

आणि अनुभवासाठी आपल्याकडं दिवाळी अंक आहेत की! १९०९ साली 'मनोरंजन' मासिकानं काढला तेव्हापासूनची परंपरा, आणि शिकणाऱ्याच्या दृष्टीनं यात चार महिन्यांत सगळं येऊन जातंय. तुझी परीक्षा संपते तेव्हाच कामाला सुरुवात होते. लेखकांना पत्रं जातात, मग आठवण, मग पुन्हा आठवण, मजकूर येतो तो कुणाचा टाइप केलेला, कुणाचा हातानं लिहिलेला फोटो काढून पाठवलेला, एक कथा हवी त्याच्या दुप्पट मोठी, जाहिरातवाल्यानं अर्ध्या पानाऐवजी पूर्ण पान घेतलं म्हणून कविता हलवायला लागते, आणि दिवाळी काय कुणासाठी थांबत नाही. कोल्हापुरात आणि आसपास, इचलकरंजी, सांगलीपर्यंत, लहान-मोठे अंक निघतात आणि सगळ्यांना मदतीला माणूस पाहिजे असतं. आत्ताच दोन संपादकांना फोन लाव. फोन नीट कर, मेसेजवर "हाय, इंटर्नशिप आहे का" असं टाकू नकोस, त्यांचा मागच्या वर्षीचा अंक वाचून त्यातलं काय आवडलं ते सांग आणि मी प्रूफ बघून देते म्हण.

सहा महिने बिनपगारीला माझा नकार आहे. शिकण्यापुरतं दोन महिने ठीक, तेही जाण्या-येण्याचा खर्च मिळाला तर, आणि आधी लिहून घ्यायचं की कुठल्या पुस्तकावर काम, कोण शिकवणार, श्रेयाच्या पानावर नाव येणार का, आणि केलेलं काम मी पुढं दाखवू शकते का. साधा ईमेल पुरे. याला जो बिचकतो त्याला फुकटचा टायपिस्ट पाहिजे असतो. दोन महिन्यांनंतर पानाप्रमाणं नाहीतर फॉर्मप्रमाणं प्रूफचे पैसे माग, कमी का असेनात, पण माग. आणि अनुभव देतो म्हणून उलट तुझ्याकडनं पैसे घेणाऱ्याच्या दारात जाऊच नकोस.

बाबांशी बोलताना स्वप्नं-बिप्नं न सांगता त्यांच्या धंद्याच्या भाषेत सांग. आयटीआय झालेल्या पोराला ते पहिल्या दिवशी एकट्याच्या भरवशावर लेथवर जॉब चढवू देतात का? नाही ना, वर्षभर शेजारी उभं करतात, मग मायक्रोमीटर हातात देतात. मलाही तसंच एक वर्ष शेजारी उभं राहायचंय म्हण, कर्ज न काढता, आणि एका कागदावर लिहून दे त्यांना: या जूनपासून पुढच्या जूनपर्यंत प्रेस, दिवाळी अंक, इग्नू, आणि एक पुस्तक हस्तलिखितापासून दुकानापर्यंत. खर्च किती, मिळकत किती, तेही लिही. त्यांची झोप लागेल. मामाचंही सगळंच चुकीचं नाही, पोरीच्या हातात काहीतरी पक्कं असावं एवढंच तो म्हणतोय, तर बी.एड.च्या जागी एमए झाल्या झाल्या सेटचा फॉर्म भर, अभ्यास आत्ता ताजा आहे, निघाली तर कॉलेजात शिकवायचा दरवाजा उघडा राहतो आणि प्रकाशनाचं काम त्यासोबत करणारे प्राध्यापक आपल्याकडं आहेतच. वर्षानंतर पुण्याला जायची वेळ येईल, मोठी प्रकाशनं तिथं आणि मुंबईत आहेत, बालभारती पुण्यात आहे, विश्वकोशाचं ऑफिस वाईला आहे, ऑडिओबुकवाले आहेत, शाळेची पुस्तकं काढणाऱ्या कंपन्या आहेत आणि त्या पगार जरा बरा देतात. तेव्हा तुझ्या बॅगेत नाव छापलेलं एक तरी पुस्तक असलं पाहिजे.

लॅपटॉपचं राहिलं. घरी जो आहे तो चालू दे, ८ जीबी रॅम असली की प्रूफ आणि संपादनाला भरपूर झाली. इनडिझाइनचं महिन्याचं सबस्क्रिप्शन आत्ता घेऊ नकोस, ते प्रेसमधल्या नाहीतर डीटीपीवाल्याच्या मशीनवर शिक, घरी सरावाला स्क्रायबस फुकट आहे आणि त्याच्या नव्या व्हर्जनमध्ये देवनागरी नीट चालतं. इन्स्क्रिप्ट हा मराठी टायपिंगचा कीबोर्ड शिकून घे, पहिले पंधरा दिवस बोटं अडखळतील, पण मग वेग येतो आणि जोडाक्षरं हवी तशी पडतात. पैसे खर्च करायचेच असतील तर एक चांगला मराठी शब्दकोश, एक शुद्धलेखन कोश आणि टेबलावर ठेवायचा बरा दिवा घे, प्रूफं रात्रीच बघायला लागतात.